दस्तगीरचा कडता

माझ्या थोरल्या लेकीचं, अक्काताईचं, लग्न एकोणीसशे शहात्तरच्या वैशाखात झालं. त्या लग्नात दुसऱ्या पंगतीला वाढताना दस्तगीर मुजावर आमटीच्या बादलीसकट खाली पडला आणि सगळी पंगत हसली.

हसण्यासारखंच होतं. सव्वासहा फुटांचा माणूस, बास्केटबॉलच्या रिंगणाला हवेत लोंबकळून खाली बघणारा, तो सपाट जमिनीवर पाय सरळ असताना पडला. वऱ्हाडातला कुणीतरी म्हणाला, "उंटाला मांडवात कुणी सोडला?" दस्तगीरही हसला. उठला, धोतरं भिजलेल्या दोघा म्हाताऱ्यांची माफी मागितली, आणि उजव्या पायावर भार न टाकता दोन ढांगांत मांडवाबाहेर गेला.

ते शेवटचं फक्त मी पाहिलं. लेकीच्या पाठवणीआधी मी त्याला बैलगोठ्यामागे गाठला. गुडघा भाकरीसारखा फुगला होता.

"हलतं का काही आत?" मी विचारलं.

"अडकतंय, मामा. कडी अडकावी तसं. मग सुटतंय."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. कुणाला सांगू नका. हंगाम तोंडावर आलाय."

मी तेव्हा हळदीच्या पेठेत मापाडी होतो. पोती काट्यावर घ्यायची आणि वजन मोठ्यानं पुकारायचं, हे माझं काम. आकडे मला ओळखू यायचे, अक्षरं नाहीत. पुकारलेलं वजन दिवाणजी लिहायचा. पोत्याचं बारदान, हळदीतली ओल, चिकटलेली माती, यांसाठी एकूण वजनातून जे कापतात त्याला कडता म्हणतात. कडता मापाडी सांगतो, आणि तो सांगेल तेवढा घेणारा आणि देणारा दोघंही मानतात. वजन काटा सांगतो. कडता माणूस सांगतो. त्यामुळं मापाड्याचं सगळं नाव कडत्यावर असतं.

बास्केटबॉल आमच्या पेठेत आणला आठल्ये मास्तरांनी. ते हायस्कूलला कवायत शिकवायचे. हळद वाळवायचं फरशीचं खळं पाहून त्यांना वाटलं, हे तर तयार मैदान आहे. गोदामाच्या भिंतीवर त्यांनी रिंगण ठोकलं आणि संध्याकाळी हमालांना खेळायला लावलं. दिवसभर क्विंटलाची पोती उचलणाऱ्यांना तो चेंडू म्हणजे फूल. चार वर्षांत आमचा संघ जिल्ह्यात पहिला आला. आमच्या खळ्यावर खेळून जाणाऱ्यांचे हात पिवळे व्हायचे, म्हणून सगळे आम्हाला पिवळे म्हणायचे. संघाचा कारभार तिघांकडे होता. अडत दुकानाचे मालक चनबसू शेट अध्यक्ष, मास्तर चिटणीस, आणि पोरांना सांभाळायला मी.

आणि त्या संघात दस्तगीर होता. त्याचा बाप आमच्यातलाच हमाल, पोत्यांची थप्पी अंगावर कोसळून गेला. आई हुसेनबी बांगड्यांची टोपली घेऊन गल्लोगल्ली फिरायची. पाठीवर दोन बहिणी. दस्तगीर दिवसा पोती वाहायचा आणि संध्याकाळी उडायचा.

लग्नानंतरच्या सोमवारी मी त्याला मिरजेला हाडांच्या डॉक्टरांकडे नेला. डॉक्टरांनी गुडघा वाकवून, पिळून पाहिला. मग त्याला बाहेर बसायला सांगितलं आणि मला आत ठेवलं. तेव्हा तशीच रीत होती. दुखणं ज्याचं त्याला सोडून बरोबर आलेल्या मोठ्या माणसाला सांगायचं.

"तुम्ही याचे कोण?"

"मामा म्हणतो मला."

"सख्खे?"

"पेठेतला."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "आतली गादी फाटलीय. आजची नाही ती. वर उड्या मारून मारून चिंध्या केल्यात."

"हळद-तेल लावून शेकतो मी."

"शेकून ती सांधत नाही, बाबा. हा एक हंगाम खेळेल. फार तर दीड. मग चालेल, जिना चढेल, पोरांना कडेवर घेईल. उडी संपली."

"आणि कापून काढलं तर?"

"दुखायचं थांबेल. उडी येणार नाही. आणि हो, पाठीवर ओझंही नाही. पोती तर मुळीच नाहीत."

ते शेवटचं वाक्य माझ्या कानात राहिलं. खेळ गेला तर माणूस जगतो. पोतं गेलं तर आमच्याकडे काय उरतं?

बाहेर दस्तगीर बाकावर बसून एका लहान मुलीला दोन्ही हातांनी वर उचलून पंखा दाखवत होता.

"काय म्हणाले?"

"लचक आहे म्हणाले. महिनाभर उडी बंद."

"बस? एवढ्यासाठी एसटीचं भाडं घातलं?"

वीस वर्षांत मी खोटं वजन पुकारलं नव्हतं. ते पहिलं.

त्याच आठवड्यात चनबसू शेटनी दुकानात बोलावलं. मास्तर तीन कागद घेऊन बसले होते. जिल्हा संघटनेचा नियम असा होता, की ज्या मंडळाकडून खेळाडूनं नाव नोंदवलं त्या मंडळाच्या चिठ्ठीशिवाय त्याला दुसरीकडे खेळता येत नाही. त्यामुळं मोठ्या संघांना कुणी हवा असला की ते चिठ्ठीच्या बदल्यात आपल्याकडचे खेळाडू देऊ करायचे. दस्तगीरसाठी तीन ठिकाणांहून विचारणा आली होती.

शेटनी समोरच्या नमुन्याच्या ढिगातली हळकुंडं ओढली. "मास्तर, तुम्ही वाचा. मी मांडतो. असं नुसतं ऐकून मला कळत नाही."

मास्तरांनी पहिला कागद वाचला. साखर कारखान्याचा संघ. ते माने बंधू देणार, दोघंही राज्याकडून खेळलेले. शिवाय दोन लोखंडी खांब आणि फळ्या. शेटनी दोन लांब, भरलेली हळकुंडं शेजारी शेजारी ठेवली आणि त्यांच्या डोक्याशी एक जाड गड्डा.

दुसरा कागद कॉलेजचा. ते एक राखीव खेळाडू आणि चार चेंडू देणार. शेटनी हळदीची चिमूटभर भुकटी टाकली आणि फुंकून उडवली.

तिसरा कागद घाटाखालून आला होता, खताच्या कारखान्याकडून. ते पिंटो नावाचा खेळाडू देणार.

"पिंटो अजून जिवंत आहे?" शेट म्हणाले.

"पस्तिशीचा आहे," मास्तर म्हणाले. "हुशार आहे, पण आता पळवत नाही त्याच्याच्यानं."

शेटनी ढिगात शोधून एक सुरकुतलेलं, वाकडं हळकुंड काढून ठेवलं. "झालं. यात तोलायचं काय? माने बंधू घ्यायचे. एक जाईल, दोन येतील. वर खांब फुकट. दस्तगीर नसला तरी पिवळे खाली येत नाहीत."

"दस्तगीरला काय मिळतंय?" मी विचारलं.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे?" मास्तर म्हणाले.

"साखर कारखाना त्याला काम काय देतोय?"

मास्तरांनी कागद परत पाहिला. "हंगामी. गाळप चालू असेपर्यंत."

"आणि खतवाले?"

"तीन महिने उमेदवारी, मग कायम. राहायला खोली. पण सिदूमामा, हे त्याचं झालं. आपण मंडळाचं बघायला बसलोय."

"मामा, तू हळद तोलतोस का शेतकऱ्याचं नशीब?" शेट हसले. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. त्यांनी या संघासाठी पदरमोड केली होती, हे मी विसरत नाही.

ठरलं असं, की दोन्ही कारखान्यांच्या माणसांना गुरुवारी, सौद्याच्या दिवशी, बोलवायचं. घासाघीस मी करायची, कारण मास्तर भिडस्त आणि शेट तापट.

"रुमालाखाली कर," शेट म्हणाले. "आमच्या पेठेची रीत दिसू दे त्यांनाही."

बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे सौदा रुमालाखाली व्हायचा. दोघं हातात हात घेतात, वर रुमाल पडतो, आणि बोटं दाबून भाव ठरतो. बघणारे कितीही असोत, आकडा त्या दोघांतच. आणि रुमाल उचलला की सौदा झाला. मग त्यात तिसऱ्यानं बोलायचं नाही, मालकानंही नाही. ज्याच्या हातावर रुमाल टाकायला तुम्ही कबूल झालात, त्याच्या बोटांना तुम्ही बांधलात. शेटच्या दुकानात त्यांच्या आजोबांपासून हे कधी मोडलं नव्हतं.

डॉक्टरांचं मी तिथं बोललो नाही. बोललो असतो तर कुणीच दस्तगीरला घेतला नसता, आणि दीड वर्षानं तो गोदामाच्या पायरीवर बसलेला मी रोज पाहिला असता. आणि न बोलता माने बंधू घेतले असते, तर ओली हळद कोरडी म्हणून विकल्यासारखं होतं. गाळप संपलं, गुडघा गेला, की साखर कारखाना त्याला त्याच दिवशी घरी पाठवणार. दोन्हीकडून पायरी तीच. ती पायरी मला त्याच्या वाट्याला येऊ द्यायची नव्हती. एवढं एकच मी त्या दिवशी ठरवलं. बाकीचं कसं करायचं ते माहीत नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी दस्तगीर खळ्यावर एकटाच उभ्या उभ्या चेंडू टाकत होता. उडी बंद होती ना. पायरीवर हुसेनबी टोपली सोडून बसली होती.

"मामा, उद्या माझा सौदा आहे म्हणे," तो म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"सगळ्या पेठेला माहीत आहे. साखरवाले दोन देतायत. माने बंधू. दोघांच्या बदल्यात एक मी." त्यानं चेंडू टाकला. आत गेला. "आईला सांगत होतो, बघ, तुझं पोर दोघांच्या भारोभार आहे."

"खायला पण दोघांचंच लागतंय," हुसेनबी म्हणाली.

"खतवाले पण आहेत," मी म्हणालो.

"त्या पिंटोच्या बदल्यात? काय मामा. मला त्या म्हाताऱ्याच्या बदल्यात देणार? लोक काय म्हणतील?" चेंडू हातात धरून तो माझ्याजवळ आला. "तुम्हीच रुमालाखाली हात घालणार ना? मग दोनाखाली सोडू नका मला. तीन मागा. दोनावर या. पण दोनाखाली नाही."

मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. हुसेनबी माझ्याकडे बघत होती. तिनं विचारलं, "भाऊ, लांब कुठलं?"

"खतवाल्यांचं. घाटाखाली."

"आणि कायमचं कुठलं?"

"तेच."

तिनं टोपली डोक्यावर घेतली आणि गेली.

गुरुवारी सकाळी पेठ उघडायच्या आधीच खतवाल्यांचे मगदूम साहेब आले. कारखान्याच्या संघाचं सगळं तेच बघायचे. त्यांचे वडील हळदीचे खरेदीदार होते, त्यामुळं ते सरळ माझ्या काट्याजवळ येऊन पोत्यावर बसले. धुळीची फिकीर केली नाही. मला बरं वाटलं.

मी म्हणालो, "साहेब, सौद्याआधी कडता सांगतो."

"कशाचा?"

"दस्तगीरचा."

डॉक्टर जे बोलले ते मी जसंच्या तसं सांगितलं. एक हंगाम, फार तर दीड. उडी नाही. ओझं नाही. ते ऐकत राहिले. हातातलं हळकुंड मोडून त्यांनी आतला रंग पाहिला.

"हे साखरवाल्यांना सांगितलंत?"

"नाही. त्यांना द्यायचाच नाही. मग सांगायचं कशाला?"

"मग मला का सांगता? गप्प बसला असतात तर मी घेतलाच असता."

"आणि गुडघा गेल्यावर?"

"चौकशी झाली असती. फसवलं म्हणून काढून टाकला असता."

"म्हणून सांगतोय."

ते हसले. "मापाडी, मला एक हंगाम पुरतो. यंदा कारखान्यांची स्पर्धा आमच्या मैदानावर आहे. पण एका हंगामासाठी कायमची जागा? वर काय सांगू? आणि माझा पिंटो पण द्यायचा?"

"पिंटो नको."

"काय?"

"पिंटो तुमच्याकडेच ठेवा. तो कडता. वर सांगा, एकही माणूस न देता पिवळ्यांचा दस्तगीर आणला. त्याची जागा तेवढी कायम करा. आणि उडी संपल्यावर बसून करायचं काम द्या. एवढंच."

"तुमच्या मंडळाला काय मिळालं मग?"

"काही नाही."

"तुम्हाला फाडून खातील."

"खातील."

मगदूम साहेबांनी हळकुंडाचे तुकडे पोत्यावर ठेवले. मग म्हणाले, "माझीही एक अट. ही गोष्ट तुमच्या माझ्यात. उद्या कळलं की मी जाणूनबुजून मोडका माणूस कायम केला, तर तोही जाईल आणि मीही. त्यालाही सांगायचं नाही. खेळाडूंच्या तोंडात तीळ भिजत नाही. मी नोकरीत आहे तोवर नाही."

"कबूल. पण कागद आज पाहिजे."

कागद त्यांच्या पिशवीतच होता. नाव घालायचं बाकी होतं, ते त्यांनी माझ्यासमोर घातलं. मला वाचता येत नव्हतं. मगदूम साहेब खोटं बोलतील असं वाटलं नाही, पण वाटण्यावर मी कधी पोतं सोडलेलं नाही. कागद घेऊन मी आधी पोस्टमनकडे गेलो, मग एसटी स्टँडवरच्या टाइपवाल्याकडे, मग मशिदीशेजारच्या शाळेच्या मास्तरांकडे. तिघांना वेगवेगळं वाचायला लावलं. तिघांचं वजन सारखं आलं. तीन महिने उमेदवारी, त्यानंतर कायम. मग परत आलो.

मगदूम साहेब तिथंच बसले होते. "भरला का काटा?" त्यांनी विचारलं.

"भरला."

दुपारी सौदे आटोपल्यावर शेटच्या दुकानासमोर सगळे जमले. साखर कारखान्याचे निंबाळकर पांढऱ्या कपड्यांत खुर्चीवर बसले होते. माने बंधूंना बरोबर घेऊनच आले होते, नमुना दाखवायला आणावा तसे. दोघं खरंच देखणे होते. हमाल त्यांच्याकडे बघत होते, आणि दस्तगीर हमालांकडे बघत होता. नवा सदरा घातला होता त्यानं.

रीतीप्रमाणं मी आधी निंबाळकरांचा हात घेतला. शेटनी आपला रुमाल टाकला. निंबाळकरांना बोटांची भाषा येत नव्हती, पण दोन बोटं त्यांनी अशी घट्ट दाबली की माझा सांधा कडकडला. मी बोटं सोडवून घेतली. मग मगदूम साहेबांचा हात घेतला. रुमाल पडला.

त्यांनी एक बोट पुढं केलं. पिंटो. मनात आलं असेल, मापाड्याला शेवटची एक संधी देऊ. मी ते बोट हळूच दुमडलं. त्यांच्याच मुठीत परत घातलं. आणि माझ्या हातानं त्यांची मूठ झाकली.

मग रुमाल उचलला.

"झाला," मी म्हणालो. "खतवाल्यांना दिला."

कुणाला काही कळेना. शेट उठून उभे राहिले. "कितीला? तीन दिले का त्यांनी?"

"नाही."

"दोन?"

"नाही."

"पिंटो? मामा, पिंटोवर सोडलास?"

"पिंटो पण नाही. काही नाही. त्याला कायमची नोकरी आहे. तेवढंच."

निंबाळकर उठून गाडीकडे चालू लागले. मास्तर डोक्याला हात लावून पायरीवर बसले. शेटचा चेहरा हळदीसारखा झाला होता. त्यांना सौदा मोडता आला असता. ओरडून म्हणता आलं असतं की हा माणूस वेडा झालाय. पण रुमाल त्यांचा होता, त्यांच्या हातानं टाकलेला, आणि अर्धी पेठ बघत होती.

"मास्तर," ते म्हणाले, "चिठ्ठी लिहा."

"शेट, अहो..."

"लिहा म्हणतो ना." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सिदू बंडगर, उद्यापासून तुझा आणि मंडळाचा संबंध नाही. काट्यावर राहा. काट्यावरून मी तुला काढणार नाही, कारण तिथं तू कधी चुकला नाहीस. आज का चुकलास ते विचारणार नाही. विचारायची रीत नाही."

दस्तगीर माझ्यासमोर येऊन उभा राहिला. तो एवढा उंच, की त्याचा चेहरा बघायला मला मान वर करावी लागायची. मी केली नाही. सदऱ्याच्या गुंड्यांकडे बघत राहिलो.

"फुकट?" तो म्हणाला.



"मामा, बारदान पण विकलं जातं. सडलेली हळद पण कुणी ना कुणी घेतं. मला फुकट दिला?"

"नोकरी कायम आहे, दस्तगीर."

"मी दोन म्हणालो होतो." तो थोडा वेळ थांबला, मी काही बोलेन म्हणून. "बापाच्या जागी मानत होतो तुम्हाला."

तो मगदूम साहेबांच्या गाडीत जाऊन बसला. गाडी निघेपर्यंत त्यानं मान वळवली नाही. हुसेनबी दुसऱ्या दिवशी अक्काताईच्या आईला बांगड्या भरायला आली. पैसे घेतले नाहीत. 

पिवळे त्या वर्षी तिसऱ्या फेरीत हरले, पुढच्या वर्षी पहिल्याच. मग खळ्यावर कुणी येईना. भिंतीवरच्या रिंगणात चिमण्यांनी घरटं केलं. मी रोज त्याखालून काट्यावर जायचो. पोरं मला बघून म्हणायची, "मामा, काय फुकट आहे का?" मी वजन पुकारायचो.

दस्तगीर त्या हंगामात घाटाखाली चांगला खेळला, असं मास्तरांनी पेपरात वाचलं आणि मला न सांगता पेठेत सांगितलं. पुढच्या हंगामात सहाव्या सामन्यात गुडघा गेला. मगदूम साहेबांनी शब्द पाळला. त्याला कारखान्याच्या फाटकावर ट्रकांच्या वजनकाट्यावर बसवलं. माझंच काम, फक्त बसून करायचं. हे कळलं तेव्हा मी काट्याजवळ एकटाच होतो. थोडा वेळ पोत्यावर बसलो. त्यानं थोरल्या बहिणीचं लग्न केलं, आईला आणि धाकटीला घाटाखाली नेलं. माझ्याकडे आला नाही. मीही गेलो नाही. गेलो असतो तर बोललो असतो, इतकं मला माझं माहीत होतं.

एक्क्याण्णव साली आमच्याकडे साक्षरतेचे वर्ग निघाले. मी साठीला आलो होतो. पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं, आजोबा, तुम्हाला कशासाठी शिकायचं? कुणी सांगितलं बसची पाटी वाचायला, कुणी सांगितलं सही करायला. मी म्हणालो, एक पत्र लिहायचंय. बाई म्हणाल्या, सांगा, मी लिहून देते. मी म्हणालो, ते दुसऱ्याकडून लिहून घेता येत नाही.

पुढच्या वर्षी मगदूम साहेब निवृत्त झाले. तसं त्यांनी कार्डावर कळवलं, आणि ते कार्ड मी स्वतः वाचलं. मग पाच दिवस बसून पत्र लिहिलं. सात ओळी झाल्या. डॉक्टर काय बोलले, मी काय ठरवलं, पिंटो का घेतला नाही, आणि आतापर्यंत का बोललो नाही. खाली सही केली.

वीस दिवसांनी उत्तर आलं. कार्ड होतं.

"मामांना सलाम. पहिल्या दिवशी मगदूम साहेबांनी डावा गुडघा सोडून नेमका उजवाच दाबून बघितला, तेव्हाच मला कळलं, तुम्ही त्यांना सगळं सांगितलंय. तेव्हा मी रागावलो होतो ते फुकट दिलं म्हणून. तो राग वर्षभरात गेला. दुसरा राग राहिला. गुडघा माझा होता, मामा. डॉक्टरांनी मला बाहेर बसवलं, तुम्ही पण बाहेर बसवलं. मला सांगितलं असतं तर मीच म्हणालो असतो, घाटाखाली जातो. तुम्ही विचारलं नाही. धाकट्या बहिणीचं लग्न फेब्रुवारीत आहे. यायचं. आमटी मी वाढणार नाही. दस्तगीर."

मी ते कार्ड तिघांकडून वाचून घेतलं नाही. मीच तीनदा वाचलं. वजन तेच आलं. कडता मी घेणाऱ्याला सांगितला होता, मालाला नाही. मापाड्याला माल बोलतो हे सुचत नाही. माझी चूक ती, आणि ती पेठेत कुणी धरली नाही, त्यानं धरली.

फेब्रुवारीत मी घाटाखाली गेलो. तो फाटकाशी उभा होता, केस पांढरे, पाय किंचित वाकडा. या वेळी मी मान वर करून बघितलं. त्यानं माझी पिशवी घेतली आणि म्हणाला, "मामा, दोन तरी घ्यायचे होते."

त्यानंतर तो दर ईदला यायचा. चनबसू शेट पंच्याण्णवला गेले. मगदूम साहेब दोन हजार दोनच्या श्रावणात गेले. दस्तगीर अब्दुल मुजावर कारखान्यातून पूर्ण नोकरी करून, निवृत्त होऊन, दोन हजार अकराच्या जानेवारीत बारा तारखेला सकाळी गेला. त्याला साठावं चालू होतं का बासष्टावं, हे घरच्यांनाही नक्की सांगता आलं नाही. खांदा द्यायला मी गेलो होतो.